रोजच्या वापरासाठी लहान लक्झरी सेडान: ३३०एलआय, एम३४०आय, सी २०० की ए४?

पंचेचाळीस ते पंचाहत्तर लाखांच्या पट्ट्यातली सेडान घ्यायची, ती स्वतः चालवायची आणि कव्हर घालून न ठेवता रोज ऑफिसला न्यायची, असं ठरवलेल्यांसमोर आज मुख्यतः चार गाड्या येतात: बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजमधली लांब ३३०एलआय, त्याच सिरीजमधली सहा सिलिंडरची एम३४०आय, मर्सिडीजची सी २०० आणि आउडीची ए४. शोरूममध्ये बोलणं इंजिनापासून सुरू होतं, मग स्क्रीनवर येतं आणि सीटच्या रंगावर संपतं. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. आधी टायर आणि चाकाचं माप, मग लांबी आणि जमिनीपासूनची उंची, मग मागची सीट, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. चौघींचीही इंजिनं आपल्या रस्त्यांना पुरून उरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मर्यादा १०० ची आहे, समृद्धीवर १२० ची, आणि दोन्हीकडे कॅमेरे आहेत. ताकद कमी पडते म्हणून यातली गाडी कोणी विकत नाही. खड्ड्यात टायर जातात, सोसायटीच्या उतारावर गाडी खालून घासते, आईवडिलांना मागच्या सीटवरून उतरता येत नाही, म्हणून लोक वैतागतात.

याहून मोठी का नको

थोडे पैसे वाढवले की बीएमडब्ल्यूची ५ सिरीज किंवा मर्सिडीजची ई-क्लास येते, हा मोह प्रत्येकाला होतो. पण भारतात या दोन्ही गाड्या आता फक्त लांब व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या, मिळतात. ५ सिरीजची लांबी ५,१६५ मिलिमीटर आणि ई-क्लासची ५,०९२. सोसायटीतला पार्किंगचा खण बऱ्याच ठिकाणी अडीच मीटर बाय पाच मीटरचा असतो. म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर राहणार आणि रोज कोणीतरी घासून जाणार. त्या गाड्या मागे बसणाऱ्या मालकासाठी बांधल्या आहेत. ड्रायव्हर ठेवणार असाल तर जरूर घ्या. स्वतः चालवणार असाल तर त्यांची लांबी रोज खुपेल.

आपल्या चौघींत एम३४०आय सगळ्यात आखूड, ४.७१ मीटर. सी २०० ४.७५, ए४ ४.७६ आणि ३३०एलआय साधारण ४.८२ मीटर. पाच मीटरच्या खणात चारही बसतात. रुंदी आरसे सोडून १.८२ ते १.८५ मीटर, बीएमडब्ल्यूची आरशांसकट २.०७ होते. अडीच मीटरच्या खणात गाडी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला ३३-३४ सेंटिमीटर उरतात. दोन्हीकडे खांब असतील तर दार उघडून बाहेर पडणं कसरतीचं काम आहे, त्यामुळे बुकिंगआधी टेप घेऊन आपला खण मोजा. यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटवरची, म्हणजे गाडी ज्या पत्र्यावर उभी राहते त्यावरची, पाटी वाचा: लांबी, आरशांसकट रुंदी आणि वजनाची मर्यादा. एम३४०आय रिकामीच जवळपास पावणेदोन टनांची आहे. पॅलेटला बाजूंनी आणि मध्ये उंचवटे असतात. पातळ टायरच्या गाडीचा अलॉय सगळ्यात आधी तिथेच घासतो.

टायर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

टायरवर २२५/४५ आर १८ असं लिहिलेलं असतं. २२५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. या गाड्यांना बसणाऱ्या मापांचा हिशेब असा: १७ इंची चाकावर २२५/५० असेल तर साइडवॉल ११२ मिलिमीटर, १८ इंचीवर २२५/४५ असेल तर १०१, आणि १९ इंचीवर २२५/४० असेल तर फक्त ९०. टायरचा बाहेरचा घेर तिन्ही मापांत जवळजवळ सारखाच. मोठं चाक घेतलं की गाडी उंच होत नाही, रबर आणि हवा तेवढी कमी होते. खड्ड्याच्या धारदार कडेला झेलायला जे असतं ते हे दहा-वीस मिलिमीटरच.

टायर नेमका कसा जातो? चाक खड्ड्यात उतरतं आणि समोरच्या कडेवर आपटतं. साइडवॉल पूर्ण दबून रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. वरचं रबर शाबूत असतं, पण धागे तुटलेल्या जागी हवा बाहेर ढकलते आणि लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो, आणि त्यावर हायवेला जाणं जिवावर बेतू शकतं. त्याच वेळी बहुधा रिमची आतली कड वाकते. ती बाहेरून दिसत नाही. ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि बॅलन्सिंग करूनही थांबलं नाही, तर चाक मशीनवर फिरवून आतली कड बघायला सांगा.

आराम मिळावा म्हणून हवा कमी ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की साइडवॉल लवकर दबते आणि चिमटा जास्त जोरात बसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी हलवण्याआधी, भरा. स्टिकरवर कमी आणि पूर्ण भाराचे आकडे वेगळे असतात. समृद्धीवर चार माणसं आणि सामान घेऊन सलग १२० ने जायचं असेल तर पूर्ण भाराचा आकडा ठेवा. उन्हाळ्यात काँक्रीटवर टायर तापून दाब वाढतो. वाटेत थांबून गरम टायरमधली हवा सोडू नका.

बीएमडब्ल्यूवर बहुतेक वेळा रनफ्लॅट टायर येतात. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत राहून सुमारे ८० किलोमीटर जाता येतं. रात्री घाटात किंवा बाजूला थांबायला जागा नसलेल्या पुलावर याची किंमत कळते. पण त्याची साइडवॉल जाड आणि ताठ असते, त्यामुळे बारीक खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि पुलांचे सांधे थेट पाठीपर्यंत पोहोचतात. काँक्रीटवर आवाजही जास्त. शिवाय हवा नसताना बरंच अंतर चालवलेला रनफ्लॅट आतून किती खराब झालाय हे बाहेरून कळत नाही. साधं पंक्चर काढून तो पुन्हा वापरणं धोक्याचं.

रोज शहरात फिरणाऱ्यांनी पहिला संच झिजल्यावर त्याच मापाचे साधे टायर घालायला हरकत नाही. गाडी लगेच मऊ होते. पण तसं करताना स्टेपनी किंवा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट डिकीत हवंच. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा साध्या टायरवरही चालते, बदलल्यावर ती रीसेट करा. लोड आणि स्पीड रेटिंग (टायर किती वजन आणि वेग झेलतो ते) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

एम३४०आय घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, १८ इंचीवर पुढे २२५ आणि मागे २५५. त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज सारखी करता येत नाही. त्यात ती चारही चाकांना ताकद देणारी गाडी आहे. एका चाकाचा घेर बाकीच्यांपेक्षा वेगळा झाला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सतत त्या फरकाशी झगडते आणि तापते. म्हणून अर्धे झिजलेले टायर असताना एक फुटला तर त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन घ्यावे लागतात, कधी चारही. इन्शुरन्समध्ये टायर कव्हर या चौघींसाठी घ्याच, आणि त्यात टायरला आलेला फुगा धरलाय का, रिम धरलाय का, किती मिलिमीटर नक्षी उरलेली असताना किती टक्के मिळतात, हे वाचून सही करा.

स्टेपनी कुठे ठेवलीय ते डिकी उघडून बघा. कागदावर ३ सिरीजची डिकी ४८० लिटरची, ए४ ची ४६० आणि सी-क्लासची ४५५. पण स्टेपनी तळाखाली न मावता वर ठेवलेली असेल तर त्यातली बरीच जागा जाते. विमानतळावर न्यायच्या दोन मोठ्या बॅगा सोबत घेऊन जा आणि त्या ठेवून बघा.

जमिनीपासूनची उंची आणि गतिरोधक

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा. त्यावर २.८५ मीटर व्हीलबेसची गाडी मधोमध असते तेव्हा पुढची-मागची चाकंही कमानीवरच असतात, त्यामुळे पोटाखाली साधारण ६ सेंटिमीटरच लागतात. ३३०एलआयचा व्हीलबेस २.९६ मीटर आहे, तिला साडेसहा. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर सावकाश गेलेली यातली कुठलीही गाडी घासत नाही.

त्रास देतात ते गल्लीतले आणि सोसायटीच्या फाटकातले, दीड-दोन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच डांबराचे ढीग. तिथे चाकं दोन्हीकडे खाली उतरलेली असतात आणि ढिगाची पूर्ण उंची पोटाला लागते. मागे तिघं आणि डिकीत सामान असेल तर मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर आणखी बसते. अशा ठिकाणी गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं आणि ब्रेक सोडून उतरायचं. ब्रेक दाबलेला असला की नाक खाली जातं आणि नेमकं तेव्हाच घासतं. बेसमेंटच्या उतारावर जिथे चढ संपून सपाट होतं तो कोपरा बघा. लांब व्हीलबेसची गाडी तिथे आधी टेकते. टेस्ट ड्राइव्हला आलेली गाडी आपल्या बेसमेंटमध्ये, घरची माणसं बसवून, उतरवून आणि चढवून बघा. सेल्समन कुरकुरला तरी हे सोडू नका.

घासून पहिलं नुकसान खालच्या प्लास्टिकच्या ट्रेचं होतं. क्लिप तुटतात, ट्रे लोंबतो, आणि पावसाळ्यात चिखल-पाणी आत जातं. प्रत्येक सर्व्हिसला गाडी लिफ्टवर असताना क्लिप मोजून घ्या. स्वस्त काम आहे, पण बहुतेकदा राहून जातं.

चौघींची चाल

३३०एलआय: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर), मागच्या चाकांना ताकद. सोबत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि रोजच्या गाडीत आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रांगत जाताना झटके नाहीत, आणि घाटात ट्रकमागून बाहेर पडायचं तर पाय दाबल्याबरोबर तीन गिअर खाली येतो. १०० च्या वेगाला आठव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, म्हणून हायवेवर ती शांत असते. लांब व्हीलबेसमुळे नेहमीच्या ३ सिरीजइतकी चपळ वाटत नाही, पण सस्पेन्शन मऊ आहे आणि आपल्या रस्त्यांना तेच हवं.

एम३४०आय: तीन लिटर, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. इंजिन अप्रतिम आहे. सावकाश चालवतानाही त्याचा गुळगुळीतपणा जाणवतो, आणि चार सिलिंडरमध्ये तो मिळत नाही. व्हीलबेस २.८५ मीटर, म्हणजे मागे जागा कमी, पण ट्रॅफिकमध्ये हाताळायला हीच सोपी. स्पोर्ट मोड शहरात वापरू नका, कम्फर्टमध्येच ठेवा. ज्यांचा रोजचा रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे आणि मागे क्वचितच कोणी बसतं, त्यांच्यासाठी पंचाहत्तर लाखांच्या आत याहून चांगली चालवायची गाडी नाही. रोज खोदलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी हिचा हट्ट धरू नये.

सी २००: चाकणला जोडली जाते. दीड लिटरचं २०४ हॉर्सपॉवरचं इंजिन, ३०० न्यूटन मीटर, ४८ व्होल्टच्या छोट्या विजेच्या मोटरची मदत आणि नऊ गिअर. सिग्नलला इंजिन बंद होऊन चालू होतं ते जवळजवळ कळत नाही, इतकं सफाईने. जोर लावला की मात्र इंजिन छोटं असल्याचं ऐकू येतं. राइड मऊ, आतलं काम देखणं. चालवण्याचा आनंद हा पहिला निकष असेल तर ही शेवटची निवड. घरातल्या तिघांना आवडेल अशी एकच गाडी हवी असेल तर पहिली किंवा दुसरी.

ए४: छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात जोडलेली, पुढच्या चाकांना ताकद, दोन लिटरचं इंजिन, सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चौघींत स्वस्त आणि सगळ्यात सरळ. एसीची बटणं खरीखुरी आहेत, न बघता हाताला सापडतात. धावताना गिअर पटकन बदलतात, पण अगदी हळू रांगताना, विशेषतः चढावर, किंचित अडखळते. ब्रेक अर्धवट सोडून दोन-दोन फूट पुढे सरकवण्याऐवजी समोर गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच सोडा. क्लच कमी झिजतो. रचना जुनी झालीय, हे घेतानाही कळतं आणि विकतानाही कळेल.

बजेट याहून कमी असेल तर २ सिरीज ग्रँ कूपे दाखवतील. नव्या २१८ मध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं १५६ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, ताकद पुढच्या चाकांना, आणि छत मागे उतरतं. ती शहरापुरती छान गाडी आहे, पण वरच्या चौघींचा वर्ग वेगळा.

आमचा कौल बहुतेकांसाठी ३३०एलआय, मिळेल तितक्या छोट्या चाकांवर.

मागची सीट

या गाड्यांच्या सीट खाली असतात. साठीच्या पुढच्या माणसाला आत बसताना वाकावं लागतं आणि उतरताना गुडघ्यांवर जोर येतो. ३३०एलआयचे वाढलेले ११ सेंटिमीटर जवळपास सगळे मागच्या पायांच्या जागेला आणि मागच्या दाराला मिळाले आहेत. त्यामुळे उतरणं खरोखर सोपं होतं, पण दार लांब असल्याने अरुंद खणात ते पुरेसं उघडत नाही. तेव्हा आधी फाटकाशी सगळ्यांना उतरवायचं आणि मग गाडी लावायची, असा क्रम ठेवावा लागतो. मधल्या सीटचा फार विचार करू नका. चारही गाड्यांत मधोमध बोगद्याचा उंचवटा आहे, आणि पाच मोठी माणसं दोन तास सुखाने बसणार नाहीत. कुटुंब नेहमीच पाच जणांचं असेल तर सेडानचा नाद सोडलेला बरा.

स्क्रीनबद्दल थोडक्यात: बीएमडब्ल्यूने २०२२-२३ च्या बदलानंतर एसीची बटणं काढून स्क्रीनमध्ये टाकली, मर्सिडीजमध्येही ती स्क्रीनवरच आहेत. बीएमडब्ल्यूत निदान फिरवायची चकती अजून आहे. ती वापरायची सवय लावा, नजर रस्त्यावर राहते.

पेट्रोल की डिझेल

सी-क्लासमध्ये २२०डी मिळते: २०० हॉर्सपॉवर, ४४० न्यूटन मीटर, आणि हायवेवर ऍव्हरेज फारच चांगलं. पण तुमचं रोजचं अंतर सात-आठ किलोमीटर आणि तेही कोंडीत असेल तर डिझेल घेऊ नका. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन पुरेसं तापून वीसेक मिनिटं सलग धावावं लागतं. ते होत नसेल तर काजळी साठते, दिवा लागतो, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये जबरदस्तीने सफाई करावी लागते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास जाणं होत असेल तर काही अडचण नाही. अ‍ॅडब्लूची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची, वेगळी टाकी असते. ती संपत आली की गाडी किती किलोमीटर उरले ते सांगते, आणि संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. इशारा आला की त्याच आठवड्यात भरा.

पेट्रोलच्या तिघींकडून शहराच्या कोंडीत लिटरला ८ ते १० आणि द्रुतगती मार्गावर १४ ते १६ किलोमीटरची अपेक्षा ठेवा. एम३४०आयकडून शहरात ६-७ आणि हायवेवर ११-१२. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी भरते. तुमच्या गाडीला किती टक्के चालतं ते टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. जुनी गाडी घेताना ते वाचाच. १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवर रोज पैसे घालवण्यात अर्थ नाही. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि रिकाम्या टाकीत हवा जास्त असते.

किंमत सोडून लागणारे पैसे

महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १५ आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २०. साठ लाखांच्या गाडीवर हे अनुक्रमे ७ लाख ८० हजार, ९ लाख आणि १२ लाख होतात. कंपनीच्या नावावर घेण्याआधी घसाऱ्यातून वाचणारा कर आणि हा जादा टॅक्स यांचा हिशेब सीएकडून करून घ्या. नेहमीच फायदा होतो असं नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता करून घ्यायला विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, तेव्हा त्याआधीच्या किमतीवर दिलेली सूट आजच्या सुटीशी ताडून बघू नका.

इन्शुरन्समध्ये झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये भागांची घट न कापणारं), इंजिन प्रोटेक्शन, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारं) आणि टायर हे चार घ्या. विम्याची किंमत ठरवायच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्के घट धरतात, आणि लक्झरी सेडानच्या बाबतीत बाजारही साधारण तेच म्हणतो. म्हणून दोन-तीन वर्षं वापरलेली, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच सर्व्हिस झाल्याची नोंद असलेली गाडी हा फार चांगला पर्याय आहे.

सर्व्हिस पॅकेज गाडी घेतानाच घ्या, नंतर महाग पडतं. बीएमडब्ल्यूची पॅकेजं ३ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरपासून १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटरपर्यंत मिळतात. ३३०च्या इंजिनात सव्वापाच लिटर ऑइल बसतं, एम३४०आयच्या साडेसहा. डॅशबोर्डवरचा आकडा काहीही म्हणो, कोंडीत रोज चालणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षाला किंवा १०,००० किलोमीटरला बदला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं असं सांगतील, पण तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. त्याचा फिल्टर प्लास्टिकच्या तळभांड्यातच असतो, म्हणून भांडंच बदलावं लागतं, आणि अंदाजपत्रकात ते लिहिलंय ना ते बघा. कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर नुसतं ओतत बसू नका. प्रेशर टेस्ट करून ऑइल फिल्टर हाउसिंग, होस आणि टाकीचं झाकण तपासायला लावा. या इंजिनांत प्लास्टिक आणि गॅस्केट तापून-थंड होऊन कडक होतात आणि गळती तिथूनच सुरू होते.

पाऊस, उंदीर आणि बॅटरी

पाण्यातून जायची मर्यादा बीएमडब्ल्यूचं मॅन्युअल २५ सेंटिमीटर सांगतं, तेही पायी चालण्याच्या वेगाने, ताशी ५ किलोमीटर. फुटपाथची कड पाण्याखाली गेली असेल तर तुम्ही त्या मर्यादेजवळ आहात. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पूर्ण इंजिन जातं. इंजिन प्रोटेक्शन असूनही पुन्हा स्टार्ट केल्याचं दिसलं तर क्लेम अडतो. गाडी उचलून फ्लॅटबेडवरच न्या, एम३४०आय तर कधीच दोन चाकांवर ओढत नेऊ देऊ नका.

बेसमेंटमधले उंदीर वायरिंग कुरतडतात आणि या गाड्यांत एकेक हार्नेस महाग असतो. एकाच जागी आठवडाभर उभी ठेवू नका, आणि सीटखाली खाण्याचे कण राहू देऊ नका. ३ सिरीजची १२ व्होल्टची बॅटरी डिकीत असते, पण जंप स्टार्टची टोकं बोनेटखाली आहेत. बॅटरी बदलल्यावर ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर जुनी समजून चार्जिंग होतं आणि नवी लवकर मरते. बाहेरून बॅटरी घेतली तर नोंदणी करणारं स्कॅनर त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा.

सेकंडहँड घेत असाल तर चॅसी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधली पूर्ण हिस्ट्री काढा, स्कॅनर लावून जुने फॉल्ट बघा, आणि चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या टोकाला पाण्याची रेघ आणि सीटच्या रुळांवर गंज राहतो. रिम आतून बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी देणार नसतील तर का, ते विचारा.

नवी घेत असाल तर पासिंग होण्याआधी यार्डमध्ये जाऊन गाडी बघा. एकदा नंबर पडला की गाडी नाकारणं अवघड होतं. चॅसी नंबरवरून उत्पादनाचा महिना काढा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५ वा आठवडा. चारही टायर थोड्याफार फरकाने एकाच काळातले हवेत. दिवसाउजेडी बंपर आणि दारांच्या रंगाची छटा ताडून बघा, डिकीत स्टेपनी, जॅक आणि ओढायचा हूक आहे का ते मोजा, दोन्ही चाव्या वापरून बघा, आणि चाकाचं माप बुकिंगच्या कागदावर लिहिलंय तेच आहे याची खात्री झाल्यावर सही करा.